बॅटरीची घटती क्षमता करारात कशी बांधावी
सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील ज्या कारखानदाराला सौरऊर्जेसोबत बॅटरी साठवणूक घ्यायची आहे, त्याने ‘दहा वर्षांची वॉरंटी’ एवढ्यावर समाधान मानू नये. लिथियम बॅटरीची क्षमता वापराने घटते तशी नुसती पडून राहिल्यानेही घटते आणि उष्णतेने ही घट वाढते. कोणत्या वर्षी किती क्षमता उरेल हे सांगणारा वॉरंटीचा तक्ता मात्र बहुधा 25 अंश सेल्सिअस धरून केलेला असतो, तर आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 च्या वर जातो. म्हणून बॅटऱ्या ठेवलेल्या कंटेनरमधील तापमान राखण्याची जबाबदारी कोणाची आणि त्याच्या नोंदी आपल्याला मिळणार का, हे करारातच लिहून घ्यावे. अन्यथा दावा करताच ‘तापमान मर्यादेबाहेर गेले होते’ असे उत्तर मिळण्याची शक्यता मोठी आहे. वॉरंटी माल पाठवल्यापासून मोजायची की संच सुरू झाल्यापासून, आणि क्षमतेची वार्षिक चाचणी डीसी बाजूला (थेट बॅटरीवर) की एसी बाजूला (इन्व्हर्टरनंतर कारखान्याला मिळणाऱ्या विजेवर), हेही ठरवावे. सर्वांत महत्त्वाचे कलम भरपाईचे. हमी मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांची असून चाचणीत 74 टक्केच भरले, तर पुरवठादार नवे मॉड्यूल (बॅटरीचा सुटा संच) बसवणार की पैसे देणार? भारतीय करार कायदा, 1872 मधील कलम 74 प्रमाणे करारभंगासाठी करारात नमूद केलेली रक्कम हीच भरपाईची कमाल मर्यादा ठरते, त्यामुळे तो आकडा वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.