ओला मका ताडपत्रीखाली दाबून ठेवू नका, बुरशीचं विष तिथंच तयार होतं

ऑक्टोबर आला की नाशिक, जळगाव, संभाजीनगर, जालना सगळीकडं एकच चित्र, मका सोंगून पडलाय, मजूर मिळत नाही, मळणी यंत्राचा नंबर लागत नाही आणि वरून परतीचा पाऊस. मग आपण काय करतो, कणसं गोळा करून ढीग घालतो, वर ताडपत्री टाकून चारी बाजूंनी दगड ठेवतो आणि माल सेफ झाला म्हणून झोपतो. पण खरा घात तिथंच होतो.

ताज्या कणसात ओलावा २०-२५ टक्के असतो. ओला दाणा श्वास घेतो, गरम होतो, वाफ ताडपत्रीला लागून परत मालावरच पडते. ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघा, दुसऱ्या दिवशीच आत ऊब लागते. एवढी ऊब आणि दमट हवा म्हणजे अॅस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीला पाहिजे तेच वातावरण, आणि ती जे विष सोडते त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात.

हे विष साधंसुधं नाही. १९७४ ला राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला, कावीळ झाली, लिव्हर गेली आणि शंभरावर माणसं दगावली. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर लिव्हरचा कॅन्सर होतो. आणि भाजा, उकळा, भाकरी करा, हे विष काही मरत नाही, बुरशी मरते पण विष दाण्यातच राहतं. म्हणून एकदा तयार झाल्यावर उपाय शोधण्यात अर्थ नाही, तयार होऊ द्यायचंच नाही. खाण्याच्या धान्यात एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची, या विषाची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे अख्ख्या टनात फक्त १५ मिलिग्रॅम, त्यामुळं पाच-दहा खराब कणसं चांगल्या ढिगात मिसळली तरी सगळा लॉट नापास होऊ शकतो.

म्हणून मळणीच्या आधी निवड करा, हे काम घरच्या माणसांनी बसून करावं असं माझं स्पष्ट मत आहे, मजुरांवर सोडू नका. लष्करी अळीनं शेंडा खाल्लेली कणसं, पक्ष्यांनी टोचलेली, जमिनीवर पडलेली, आणि ज्यावर हिरवट-पिवळी भुकटी दिसते ती सगळी वेगळी काढा. पांढरी-गुलाबी बुरशी दिसली तर ती बहुतेक फ्युजेरियम, तिचं विष वेगळं पण तीसुद्धा वाईटच. १९९५ ला दख्खनमधल्या काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी अन मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले होते ते याच बुरशीच्या विषानं. म्हणजे खरीप ज्वारी काळी पडली असेल तर तीही घरात खायला ठेवू नका. आणि निवडताना तोंडाला रुमाल बांधा, ती भुकटी नाकात जाऊ देऊ नका.

वाळवायचं तर मातीवर नको, ही बुरशी मातीतच राहते. खाली ताडपत्री किंवा सिमेंटचं खळं, कणसांचा थर पातळ, दिवसातून तीन-चार वेळा हलवायचं. रात्री किंवा पाऊस आला की झाका पण ऊन पडल्या पडल्या उघडा, आणि झाकताना मध्ये बांबू देऊन हवा खेळती ठेवा. कांद्याची चाळ रिकामी असेल तर कणसं तिच्यात पसरा, त्यासारखी जागा नाही, खालून-बाजूनं वारा लागतो. फार ओला मका मळणीला घालू नका, दाणा फुटतो आणि फुटक्या दाण्यात बुरशी लगेच शिरते. मळल्यावर चाळून भुकटी-तुकडे काढून टाका, दाण्यातला ओलावा १२-१३ टक्क्यांवर आला की मगच पोती भरा.

मॉइश्चर मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत थोडा मका आणि दोन चमचे एकदम कोरडं मीठ टाकून मिनिटभर जोरात हलवा, पंधरा मिनिटं ठेवा, मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ च्या वर आहे, अजून ऊन द्या. नाही चिकटलं तरी अजून एक-दोन उन्हं दिलेली बरी, कारण १५ च्या खाली म्हणजे लगेच १३ नव्हे.

बरेच जण म्हणतात वाळवलं की वजन घटतं. घटतं, २० टक्क्यांचा क्विंटल १३ वर आणला की ९२ किलोच्या आसपास भरतो. पण ओल्या मालाला व्यापारी कटती लावतोच, आणि ओलाच घरात ठेवला तर महिन्याभरात काय राहील ते सांगायला नको. पोती भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी फळ्या टाका, पत्रा गळत नाही ना बघा, सोंड किडे झाले तर तिथंही ओलावा वाढतो म्हणून पंधरा दिवसांनी एक पोतं उघडून हात घालून बघायचं.

राहिली ती बाजूला काढलेली खराब कणसं. सगळ्यात मोठी चूक इथं होते, "माणसाला नाही चालत तर म्हशीला टाकू" म्हणून भरडा करतात. तसं अजिबात करू नका. दुभत्या जनावराच्या पोटात गेलेलं अफ्लाटॉक्सिन दिवसभरातच दुधात उतरायला लागतं आणि तेच दूध आपली लेकरं पितात. कोंबड्यांना, बदकांना तर अजिबात नको, त्यांना ते फार लवकर बाधतं. आधीच खाऊ घालत असाल तर आजच बंद करा, काही दिवसांत दूध साफ होतं. ती कणसं खळ्यापासून आणि गोठ्यापासून लांब खड्डा करून पुरून टाका.