कोकणात घटस्फोटाची वेळ आल्यास : सही करण्यापूर्वी जमवायचे कागद

चार घड्या घातलेला आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक स्टँप पेपर माझ्या टेबलावर वर्षातून अनेकदा येतो. आणणारी माणसे वेगळी असतात, मजकूर मात्र तोच असतो : ‘आम्ही उभयतांनी राजीखुशीने फारकत घेतली असून यापुढे एकमेकांवर कोणताही हक्क सांगणार नाही.’ खाली दोघांच्या सह्या, वाडीतल्या दोन जाणत्यांच्या साक्षी आणि नोटरीचा गोल शिक्का असतो. आपला घटस्फोट झालेला आहे, असे या माणसांना मनापासून वाटत असते. तो झालेला नाही, हे त्यांना सांगणे मला आजही जड जाते.

हिंदू विवाह कायदा, 1955 लागू असलेले लग्न न्यायालयाच्या हुकूमनाम्याने संपते. जातीच्या रूढीने होणारी काडीमोड कलम 29 ने राखून ठेवली आहे हे खरे, परंतु ती रूढी जुनी आणि अखंड चालत आलेली आहे हे पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि नोटरीचा शिक्का हा तसा पुरावा नव्हे. त्या कागदाच्या भरवशावर केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरू शकते आणि पहिला जोडीदार हयात असताना लग्न केल्याचा गुन्हाही अंगावर येऊ शकतो. गावकीच्या बैठकीचा समेटासाठी उपयोग होत असेल तर जरूर करून घ्यावा, मात्र बैठकीचा निवाडा मानला नाही म्हणून एखाद्या घराला वाळीत टाकणे हा महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

दोघांचीही तयारी असेल तर कलम 13ब प्रमाणे संमतीचा मार्ग सर्वांत कमी त्रासाचा आहे. किमान एक वर्ष वेगळे राहिल्यानंतर संयुक्त अर्ज करता येतो आणि सहा महिन्यांनी दोघांना पुन्हा न्यायालयासमोर यावे लागते. योग्य कारण असल्यास हा सहा महिन्यांचा काळ माफ करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले आहे. संमती नसेल तर क्रूरता, परित्याग अशी कारणे सिद्ध करावी लागतात आणि त्यात वर्षे जातात.

खरी अडचण पैशांची असते, कारण आपल्याकडे मालमत्ता क्वचितच एकट्याच्या नावावर असते. सातबाऱ्यावर आजोबांपासूनची पंधरा-वीस नावे, त्यांतले निम्मे मुंबईला, घराची घरपट्टी सासऱ्यांच्या नावावर आणि आंब्याची कलमे मात्र नवरा राखतो, हे चित्र घरोघर दिसते. घटस्फोटामुळे पत्नीला पतीच्या वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मिळत नाही. परंतु त्या जमिनीतून पतीला मिळणारे उत्पन्न पोटगी ठरवताना मोजले जाते, आणि कायमची पोटगी देताना न्यायालय पतीच्या स्थावर मालमत्तेवर त्या पोटगीचा बोजा, म्हणजे त्यातून वसुली करण्याचा हक्क, ठेवू शकते. म्हणून अर्ज करण्यापूर्वीच सातबारा, आठ अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा), फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) आणि ग्रामपंचायतीचा घराचा उतारा काढून ठेवावा. माहेरच्या जमिनीचे उतारेही काढावेत, कारण 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. संसार मोडलेल्या मुलीपुढे ‘आता भावांशी तरी चांगले राहा’ म्हणत हक्कसोडपत्र ठेवले जाते, ते मी अनेकदा पाहिले आहे. त्या दिवसांत कोणत्याही हक्कसोडपत्रावर सही करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पोटगीच्या प्रकरणात 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते. पगारदाराचे उत्पन्न सहज दिसते, बागायतदाराचे आणि मच्छीमाराचे दिसत नाही. बाग व्यापाऱ्याला कराराने दिली असेल तर त्या कराराची प्रत, आंब्याच्या पेट्यांच्या विक्रीच्या पट्ट्या (हिशेबाच्या चिठ्ठ्या), काजू बी विकल्याच्या पावत्या, नौकेची नोंदणी आणि मच्छीमार सोसायटीचे हिशेब हे इथले पुरावे आहेत. उत्पन्न हंगामी असते आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे एका महिन्याची कमाई दाखवून कोणाचेच म्हणणे सिद्ध होत नाही. वर्षाचा हिशेब मांडावा. पतीनेही रक्कम मेहुण्याच्या हाती रोख न देता बँकेतून पाठवावी, म्हणजे पुढे वाद राहत नाही.

पती मुंबईला आणि पत्नी गावी असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खालचा पोटगीचा अर्ज ती राहत असलेल्या ठिकाणच्या न्यायालयात करता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम 125 ते हेच. घटस्फोटित मुस्लीम स्त्रीलाही ही वाट खुली आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केले. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा.

दागिन्यांबाबत एक गोष्ट आवर्जून करावी. लग्नात दोन्हीकडून अंगावर घातलेले दागिने हे स्त्रीधन आहे आणि ते तिच्या एकटीचे आहे. पण मंगळसूत्र, पाटल्या आणि तोडे पतसंस्थेत सोनेतारण ठेवलेले असतात आणि कर्जाची पावती दिराच्या नावावर असते. लग्नाचे फोटो, सोनाराची बिले आणि तारणाच्या पावतीची प्रत एकत्र ठेवावी. घरातून बाहेर काढण्याची भीती असेल तर घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली निवासाचा आदेश मागता येतो.

मुलांचा ताबा आई-वडिलांच्या हट्टावर ठरत नाही, मुलांच्या हितावर ठरतो. पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे राहते. गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात मूल कोठे असेल, हे अटींमध्ये तारखांसह लिहून घ्यावे, कारण सर्वाधिक भांडणे याच दिवसांत होतात.

तडजोडीत पती घर किंवा शेतजमीन पत्नीच्या नावावर करणार असेल तर बक्षीसपत्राचा दस्त हुकूमनाम्यापूर्वीच नोंदवण्याचा विचार करावा. पती-पत्नीमधील अशा बक्षीसपत्राला महाराष्ट्रात 200 रुपये मुद्रांक शुल्क लागते, इतर आकार वेगळे. नाते संपल्यावर ही सवलत उरत नाही. दस्तानंतर तलाठ्याकडे फेरफार मंजूर झाला का, हेही पाहावे. दोघांच्या नावावरचे गृहकर्ज अटींमध्ये ‘पती फेडील’ असे लिहिल्याने बँकेच्या दृष्टीने पत्नीवरून उतरत नाही. त्यासाठी बँकेची लेखी संमती घ्यावी. विम्यातले आणि ठेवींवरचे नामनिर्देशनही बदलून घ्यावे.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी स्टँप पेपरवर समाधान मानू नये. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अथवा तालुक्याच्या समितीकडे साधा अर्ज द्यावा लागतो. 15100 या क्रमांकावरही चौकशी करता येते. जाताना आधार कार्ड, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि असेल तर तो घड्या घातलेला स्टँप पेपरही सोबत न्यावा.