कॉफीच्या मळ्यातील कीडनाशक बुरशी: नमुन्यापासून जनुकीय विविधतेपर्यंत

कॉफीचे फळ पोखरणारा भुंगेरा मूळचा आफ्रिकेतला. भारतात तो १९९० मध्ये निलगिरीतील गुडलूर भागात प्रथम आढळला आणि पुढे कोडगू, चिक्कमगळूरुपर्यंत पसरला. त्याला मारणारी बिव्हेरिया बॅसियाना ही पांढरी बुरशी भुंगेऱ्याबरोबर आली, इथल्या मातीतून त्याच्यावर गेली, की फवारणीतून मळ्यात राहिली, हे जनुकीय अभ्यासातून उलगडू शकते. मात्र नमुने घेतानाच हा प्रश्न डोळ्यांसमोर नसेल, तर पुढे प्रयोगशाळेत कितीही खर्च केला तरी उत्तर हाती लागत नाही.

म्हणून प्रत्येक मळ्यातून तीन प्रकारचे नमुने स्वतंत्रपणे घ्यावेत: मेलेले भुंगेरे, त्याच झाडांवरील इतर मृत किडे आणि झाडाखालची माती. पावसाळ्यातील दमट हवेत बुरशी जोमाने वाढते, त्यामुळे तो काळ सोयीचा. फळाच्या टोकाकडील छिद्राशी पांढरा कापसासारखा पुंजका दिसला, तर ते फळ देठासकट तोडून कागदी पाकिटात वेगळे ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा साचून इतर बुरशी माजतात. पाकिटावर ठिकाण, उंची, कॉफीची जात (अरेबिका की रोबस्टा), सावलीची झाडे आणि पूर्वीच्या फवारण्या लिहाव्यात. तांबेऱ्यासाठी बोर्डो मिश्रण फवारलेले असल्यास तेही नोंदवावे, कारण ताम्रयुक्त बुरशीनाशकाचा परिणाम या बुरशीवरही होऊ शकतो.

मातीतून बुरशी मिळवण्यासाठी मधमाश्यांच्या पोळ्यात पडणाऱ्या मेणकिड्याच्या अळ्या आमिष म्हणून वापरतात. वरच्या थरातील किंचित ओलसर माती डब्यात भरून तीत काही अळ्या सोडाव्यात, डबा सुमारे २५ अंश सेल्सिअसला अंधारात ठेवावा आणि सुरुवातीचे काही दिवस रोज उलटा करावा, म्हणजे अळ्या मातीतून फिरत राहतात. मेलेल्या अळ्यांचा पृष्ठभाग सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणाने निर्जंतुक करून, निर्जंतुक पाण्याने धुऊन दमट डबीत ठेवल्यावर पांढरी वाढ दिसल्यास बहुधा बिव्हेरिया, हिरवी दिसल्यास बहुधा मेटारायझियम ही दुसरी कीडनाशक बुरशी असते. उसातील हुमणीसाठी मेटारायझियम वापरणाऱ्या महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना हा हिरवा रंग ओळखीचा असेल.

यानंतर एकाच बीजाणूपासून संवर्ध, म्हणजे प्रयोगशाळेतली बुरशीची शुद्ध वाढ, तयार करावा. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच ती टाळण्याचा मोह होतो. पण एका किड्यावर दोन स्ट्रेन, म्हणजे एकाच बुरशीचे जनुकीयदृष्ट्या वेगळे दोन उपप्रकार, असू शकतात, आणि त्यांचा मिश्र डीएनए वाचला तर नसलेली विविधता कागदावर उमटते.

बुरशीच्या ओळखीसाठी आयटीएस हा डीएनएचा भाग सर्वत्र वाचला जातो, परंतु बिव्हेरियामधील जवळच्या वंशरेषा वेगळ्या करण्यास तो अपुरा पडतो. त्याच्या जोडीला ट्रान्सलेशन इलाँगेशन फॅक्टरचे जनुक आणि ब्लॉक हा जनुकांमधला भाग वाचावा. एकाच वंशरेषेतील स्ट्रेन वेगळे करायचे असतील तर मायक्रोसॅटेलाइट खुणा, म्हणजे डीएनएमधील पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे, वापराव्यात. ही बुरशी बहुतांशी अलैंगिक पद्धतीने वाढते, त्यामुळे एकाच झाडावरचे दहा भुंगेरे एकाच क्लोनने, म्हणजे जनुकीयदृष्ट्या हुबेहूब सारख्या बुरशीने, मारलेले असू शकतात. असे नमुने एकच धरून आणि न धरता, अशा दोन्ही रीतींनी गणना करावी. लैंगिक संयोगासाठी लागणाऱ्या दोन्ही मेटिंग टाइपची (जोडी-प्रकारांची) जनुके एकाच मळ्यात सापडली, तर लैंगिक पुनरुत्पादनाची शक्यता उरते. सापडलेला प्रकार एकच असेल, तर क्लोनच्या प्रसाराकडे कल अधिक.

त्या भागात विकल्या जाणाऱ्या बिव्हेरिया उत्पादनांतील स्ट्रेनही याच खुणांनी तपासून तुलनेत ठेवावेत, अन्यथा फवारलेली बुरशी स्थानिक म्हणून मोजली जाईल. शेवटी प्रत्येक संवर्ध ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना जतन करावा आणि त्याची प्रत, मूळ नोंदीसह, पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संवर्ध संग्रहासारख्या ठिकाणी जमा करावी. नमुना परदेशात पाठवायचा असल्यास जैवविविधता कायद्यानुसार लागणारी परवानगी आधीच घ्यावी.