मिरचीचा चुरडा-मुरडा: आधी पान नीट बघा

चुरडा-मुरडा म्हणजे मिरचीची पानं चुरडून वळणं. पानाच्या कडा वर वळून होडीसारखं पान झालं तर फुलकिडे, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे. कडा खाली वळल्या, देठ लांबले तर कोळी; जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड. तो १० पटीच्या भिंगाशिवाय दिसतच नाही. एका शेतात होता कोळी आणि फवारणी चालली होती इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची! त्याने कोळी मरत नाही, मित्रकीटक मात्र जातात. मग पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, १० लिटरला ३० ग्रॅम, शेंड्यावर आणि पानांच्या खालून मारलं. नवी पालवी सरळ आली. जुनी चुरडलेली पानं तशीच राहतात, ती बघून पुन्हा पंप उचलू नका. कडक उन्हात गंधक पानं जाळतं, म्हणून संध्याकाळीच.

झाड खुरटलं, पानं बारीक-पिवळट, शिरा जाड असतील तर विषाणू. त्यावर औषध नाही. झाड उपटायचं आणि पांढरी माशी आवरायची.