"गॅस कमी झाला" म्हणे! एसीच्या सर्व्हिसिंगला मिस्त्री बोलावताना या चुका टाळा

आपल्याकडे होळी झाली की कूलर बाहेर निघतो, एसीची आठवण मात्र थेट नवतप्यात येते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या वर गेला की तालुक्याचा चांगला मिस्त्री फोन उचलत नाही. उचललाच तर "येतो ना भाऊ संध्याकाळी" म्हणतो, आणि येत नाही. मग जो मिळेल त्याला बोलावतात. त्याच्याकडे दाब मोजायचा एक गेज, गॅसचा एक डबा, दोन पाने आणि भरपूर घाई. माझं दुकान मोटार वाइंडिंगचं, एसीचं नाही. पण पैसे देऊन एसी बिघडवून घेतला की लोक विचारायला माझ्याकडे येतात. दर मे महिन्यात तेच ते ऐकून कंटाळलो, म्हणून हे लिहितो.

"गॅस कमी झाला" ऐकून मान डोलावणे

सगळ्यात महाग चूक हीच. एसीतला गॅस वापरून संपत नाही. बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता तो भरणं म्हणजे पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा मारणं. बऱ्याचदा गळती नळ्यांच्या जोडावरच्या पितळी नटाशी असते. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल झिरपतं, त्यावर धूळ बसते आणि नटाभोवती काळपट तेलकट डाग दिसतो. साबणाचा फेस लावा, बुडबुडे येतात का बघा. याला फक्त धीर लागतो, आणि नेमका तोच कोणाजवळ नसतो.

पण कित्येकदा गॅस कमी झालेलाच नसतो. आमच्या गावच्या एका निवृत्त गुरुजींचं उदाहरण घ्या. भाव वाढेल या आशेवर त्यांनी घरातच कापूस भरून ठेवला होता, आणि एसी त्याला लागून असलेल्या खोलीत होता. उन्हाळ्यात थंडावा कमी झाला, आतल्या कॉइलवर बर्फ जमायला लागला. मिस्त्रीने गेज लावला, काटा खाली दिसला. "गॅस कमी आहे गुरुजी," म्हणून भरला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

खरं कारण फिल्टरच्या मागे होतं. कॉइलवर रुईची गादीच बसली होती. कॉइलमधून हवा गेली नाही की आतल्या गॅसला खोलीची उष्णता मिळत नाही, त्याचा दाब पडतो, बर्फ धरतो आणि गेज हुबेहूब गॅस कमी असल्यासारखा दाखवतो. पुढे कापूस विकला गेला, कोणीतरी कॉइल धुतली, हवा मोकळी झाली. आता नळीत गॅस गरजेपेक्षा जास्त. मेच्या दुपारी बाहेरच्या युनिटचा दाब इतका चढायचा की मशीन तापून बंद पडायची. त्याच मिस्त्रीचा निकाल आला: "कॉम्प्रेसर गेला." शेवटी वर्ध्याहून दुसरा माणूस आणला. त्याने सगळा गॅस काढला, पंपाने नळीतली हवा ओढून व्हॅक्यूम केला, मशीनच्या नेमप्लेटवर लिहिलंय तेवढाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. तोच कॉम्प्रेसर आजही चालतो.

म्हणून माझ्या डोळ्यांदेखत क्रम एकच: आधी फिल्टर आणि आतली कॉइल साफ, मग बाहेरचं युनिट साफ, मग मशीन थोडा वेळ चालू द्यायची, आणि त्यानंतर गेज. मिस्त्री आल्या आल्या गेज काढायला लागला की मी त्याला चहा पाजतो आणि गेज परत पिशवीत ठेवायला सांगतो. इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसर वेग बदलत राहतो, तिथे नुसत्या गेजच्या काट्यावर गॅस ठरवणारा अंदाजपंचे काम करतो.

फोनवरच विचारा: व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आणणार का? नळी खोलली तर आत हवा आणि ओल शिरते, ती पंपानेच निघते. "थोडा गॅस सोडला की हवा निघून जाते जी" म्हणणाऱ्याला बोलावू नका. मशीनमधला गॅस आर-२२ आहे, आर-४१०ए आहे की आर-३२, हे नेमप्लेटवर असतं. एकात दुसरा भरू देऊ नका. आर-३२ पेट घेऊ शकतो, तेव्हा काम चालू असताना शेजारी बिडी नको.

फवारणीच्या पंपाने एसी धुणे

हे मी पाहिलंय, आणि पाहून राग आवरला नाही. मिस्त्रीने स्वतःचा पंप आणला नाही, घरचा पाठीवरचा पंप दिसला, लावला. पंप कितीही विसळा, टाकीत आणि नळीत औषध राहतं. तेच कॉइलवर मारायचं आणि रात्रभर त्या हवेत लेकरं झोपवायची? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तरी आपण शिकत नाही. साध्या पाण्याचा पाइप पुरतो. जोराचा जेटही नको, ॲल्युमिनियमच्या पात्या वाकतात. तेजाब तर त्या खाऊनच टाकतं.

बाकीचं थोडक्यात.

संध्याकाळी कॉम्प्रेसर नुसता घुमतोय, सुरू होत नाही? आधी मीटरने व्होल्टेज बघायला लावा, मग कॅपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा छोटा डबा. कॅपॅसिटर काही शे रुपयांत येतो, कॉम्प्रेसर हजारांत. कोणता आधी बदलायला सांगतात यावरून माणूस ओळखा.

लाइन आल्याबरोबर रिमोट दाबत बसू नका. बहुतेक मशीन मुद्दामच तीनेक मिनिटं थांबतात. त्या तीन मिनिटांत मिस्त्रीला फोन करणारेही मला ठाऊक आहेत.

उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी टाकत जा.

नव्या बंगल्यात छताआड डक्टचा एसी असेल, तर सर्व्हिसिंग म्हणजे जाळी पुसणं नव्हे. छताची झाकणी उघडून आतली कॉइल, पाण्याचा ट्रे आणि निचऱ्याची नळी तुमच्यासमोर साफ व्हायला हवी. झाकणीच ठेवली नसेल तर मिस्त्रीच्या आधी सुताराला बोलवा.

आणि बोलवायचं फेब्रुवारीत. तेव्हा चांगला मिस्त्री रिकामा असतो, भावही करतो. गॅस भरलाच तर तारीख, प्रकार आणि वजन बाहेरच्या युनिटवर पक्क्या मार्करने त्याच्याच हाताने लिहून घ्या. पुढच्या वर्षी येणारा ते वाचतो आणि निदान पहिल्या पाच मिनिटांत गॅसचं नाव काढत नाही.