इंग्लंडात घर घेताय? बघायला जाताना बादली न्या

इथे नव्याने घर घेणारी आपली मंडळी शाळा बघतात, स्टेशन किती मिनिटांवर आहे ते बघतात, ओट्याला जागा किती ते बघतात. बॉयलरचं कपाट कोणी उघडत नाही. मीही उघडलं नव्हतं.

भाड्याने राहत असाल तर यातलं बरंचसं तुमच्या हातात नाही. घरमालकाकडून गॅस तपासणीचं दरवर्षीचं सर्टिफिकेट तेवढं मागून घ्या. पुढचं सगळं दोन बाथरूमचं घर घेणाऱ्यांसाठी.

आमच्या जुन्या सेमी-डिटॅच्ड घरात कपाटात गरम पाण्याचा तांब्याचा सिलिंडर होता आणि माळ्यावर थंड पाण्याची टाकी. "कशाला ही अडगळ, कॉम्बी लाव, जागा मोकळी होते," असं जो तो सांगत होता. कॉम्बी म्हणजे टाकी-सिलिंडर न लागणारा, नळ सोडला की तेव्हाच पाणी तापवणारा बॉयलर. आपल्याकडे एकाने बॉयलर लावला की त्याचा मॉडेल नंबर व्हॉट्सॲपवर फिरतो आणि दहा घरांत तोच लागतो. घरात माणसं किती, हे कोणी विचारत नाही. मीही तोच लावला, २४ किलोवॉटचा. सिलिंडरच्या जागी सुटकेसी ठेवल्या आणि खूश झालो.

दोन वर्षांनी लॉफ्टमध्ये खोली काढली, सोबत दुसरं बाथरूम. त्या दिवाळीला आई-बाबा आले होते. नरक चतुर्दशीची पहाट. बाबा तेल-उटणं लावून टबात पाटावर बसलेले, नळाखाली बादली. वर मुलाचा शॉवर चालू. आणि मी शहाण्यासारखा किचनमध्ये कढई घासायला गरम नळ सोडला. वरून आरोळी आली. बाबा ओरडले नाहीत. गार पडलेल्या बादलीत बोट घालून एवढंच म्हणाले, "आपल्या गावचा बंब बरा होता रे."

बरोबरच होतं त्यांचं. बंबात पाणी साठलेलं असतं, कॉम्बीत नसतं. नळ सोडला की मेन्सचं, म्हणजे रस्त्याखालच्या पाइपातून येणारं पाणी आत शिरतं आणि वाहता वाहता तापतं. हिवाळ्यात ते पाणी ५ अंशांपर्यंत उतरतं, अंघोळीला ४० तरी हवं. एवढं ३५ अंशांनी तापवायचं तर २४ किलोवॉटचा कॉम्बी मिनिटाला १० लिटरही देत नाही. ३० चा देतो साधारण १२, ३५ चा १४. बऱ्यापैकी शॉवरला ८ ते १० लिटर लागतात. दोन शॉवर एकदम चालवायचे तर किती हवं ते तुम्हीच बघा. ब्रोशरमधला आकडा किती अंशांच्या वाढीचा आहे तेही वाचा; ३० अंश धरले की तोच बॉयलर तगडा दिसतो.

मग ४० किलोवॉटचा घ्यावा? थांबा, इथे बादली काढायची. सकाळी सात-साडेसातला, गल्लीतले सगळे नळ चालू असताना, किचनचा थंड नळ पूर्ण सोडा आणि घड्याळ लावून एक मिनिट भरा. मग लिटर मोजा. १० भरले तर जगातला कुठलाही कॉम्बी तुम्हाला १० च्या वर देणार नाही. जुन्या टेरेस घरांत, म्हणजे ओळीने चिकटून बांधलेल्या घरांत, तर कधी दोन-तीन घरांना मिळून एकच पाइप असतो. घर दाखवणारा एजंट विचित्र नजरेने बघेल. बघू दे.

बादली चांगली भरत असेल आणि घरात चार माणसं, वर पाहुणे असतील, तर सिस्टिम बॉयलर (सिलिंडरमधलं पाणी तापवणारा) आणि मेन्सच्या दाबावर चालणारा अनव्हेंटेड सिलिंडर घ्या, २१० ते २५० लिटरचा. आम्ही शेवटी तेच केलं. म्हणजे एकाच कामाचे पैसे दोनदा दिले, आणि दुसऱ्यांदा जास्त, कारण काढून टाकलेले पाइप नव्याने टाकावे लागले. सिलिंडरमधलं पाणी ६० अंशांवर ठेवा, नाहीतर लेजिओनेला जिवाणूंची भीती. बॉयलर रुसला तर आतला विजेवरचा इमर्शन हीटर अंघोळीपुरतं निभावतो. हा सिलिंडर लावणाऱ्याकडे जी३ पात्रता लागते. इथले लोक "नो प्रॉब्लेम" फार गोड म्हणतात, तेव्हा कार्ड बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

बादली रडतच भरत असेल तर माळ्यावरची टाकी काढायची घाई करू नका. पंप लावून तीही छान चालते.

गॅसच्या कामाला 'गॅस सेफ' या अधिकृत यादीत नाव नसलेला माणूस घरात घेऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

आणि कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुडगुड करून बंद पडला, तर फोन करण्याआधी बाहेर जाऊन त्यातून निघणारा प्लॅस्टिकचा पाइप गोठलाय का बघा. त्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नाही, आणि मग रीसेटचं बटण दाबा.