लिन कॅनॉलचा सागरी नकाशा कसा वाचावा

अमळनेरात माझ्याकडे मर्चंट नेव्हीच्या तयारीला येणाऱ्या पोरांच्या हाती मी पहिला नकाशा मुंबई बंदराचा देत नाही, अलास्काच्या लिन कॅनॉल या खाडीचा देतो. अथांग खोली आणि ऐन वाटेतला खडक, दोन्ही एकाच कागदावर दिसतात. समुद्र आणि हवामान बघणाऱ्या अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेच्या संग्रहात तिथले जुने नकाशे फुकट मिळतात. मोठ्या कागदावर छापून घ्या, मोबाइलवर अंदाज येत नाही.

आधी शीर्षकाजवळ खोलीचं एकक बघा. या नकाशांवर ती बहुधा फॅदममध्ये असते. एक फॅदम म्हणजे ६ फूट, १.८३ मीटर. हिमनदीनं कोरलेली ही खाडी सुमारे १४५ किलोमीटर लांब आहे आणि खोली कुठं कुठं ६०० मीटरच्याही पुढं जाते. सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगांमधली आपली तापीकाठची सपाटी मनात आणू नका. इथं डोंगर थेट पाण्यात उतरतात.

अंतर मोजताना डिव्हायडरची टोकं उभ्या कडेच्या अक्षांशपट्टीवरच ठेवा, तीही मोजायच्या जागेच्या समोर. तिथलं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. आडव्या पट्टीवर कधीच नाही! जळगावच्या अक्षांशावर रेखांशाचं मिनिट सुमारे १७३० मीटर भरतं, लिन कॅनॉलपाशी, ५९ अंश उत्तरेला, साडेनऊशेच्या आसपास.

मग नावं वाचा. वरच्या टोकाची चिल्कॅट आणि चिल्कूट ही तिथल्या त्लिंगित लोकांची. लिन हे ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरनं आपल्या जन्मगावावरून, इंग्लंडातल्या किंग्ज लिनवरून दिलं. १७९४ च्या उन्हाळ्यात त्याचा सहकारी जोसेफ व्हिडबी उघड्या होड्या घेऊन हा किनारा मोजत गेला. चिंचोळ्या पाण्यात शिडाचं मोठं जहाज वाऱ्याच्या भरवशावर नेणं धोक्याचं होतं. त्या वल्हेकऱ्यांबद्दल मला फार आदर आहे.

आता व्हँडरबिल्ट रीफ शोधा. भोवती खोल पाणी, मध्ये हा खडक. २४ ऑक्टोबर १९१८ ला पहाटे, हिमवादळात, वरच्या टोकाच्या स्कॅगवे बंदरातून दक्षिणेला निघालेलं प्रिन्सेस सोफिया हे प्रवासी जहाज त्यावर चढलं. मदतीला बोटी आल्या, पण खवळलेल्या समुद्रात माणसं उतरवता आली नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी जहाज बुडालं. ३४० हून अधिक माणसं गेली, एकही वाचला नाही. खडक नकाशावर होता, पण त्यावर दिवा नव्हता.

त्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढा. स्कॅगवेहून खाली येणारी आपली वाट आखा आणि गोलापासून तिचं अंतर उभ्या पट्टीवर मोजा. एका मैलाहून कमी भरलं, तर रेषा खोडून पुन्हा आखा.